झिपरी म्हणजे कोण

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी पुन्हा थाप मारते, म्हणून लिहायला बसले. बाबांचा पाय मुरगळलाय असं तुला सांगितलं होतं ना, तो मुरगळलेला नाही. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कारखान्यातच, हातात रंधा असताना. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. धोका टळलाय, घरी आणलंय, उशीला टेकून बसतात, डाव्या हाताने जेवतात. आता मला हव्या तितक्या शिव्या दे आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं याहून लाजिरवाणं आहे.

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येतात. वयाने लहान, पण चिकाटीच्या. चित्रं दाखवतात: कप, खुर्ची, दार. जन्मभर खुर्च्या नि दारं केलेला माणूस खुर्चीचं चित्र बघून नुसता घशातून आवाज काढायचा आणि मान फिरवायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवायचे, ऐकू येऊ नये म्हणून. अशात एका सकाळी त्यांना अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी तणतणत बाहेर आल्या. "मला झिपरी म्हणाले! मला!" तू त्यांना बघितलेलं नाहीस. तेल चोपडून घट्ट वेणी, एक केस इकडचा तिकडे नाही. मला हसू फुटलं, आणि हसता हसताच लक्षात आलं. बाबांचा पहिला शब्द आला होता, आणि तो शब्द तू होतीस.

शिकवणाऱ्या बाई तर उडायच्याच बाकी राहिल्या. त्यांच्या घरात हा शब्द कधी ऐकला नव्हता म्हणे, त्यांनी अर्थ विचारला. मी मास्तरणीसारखं समजावायला लागले. विंचरले नाहीत की केसांच्या झिपऱ्या होतात. भांडणात उपटायच्या त्या झिंज्या. आणि जिच्या झिपऱ्या कधी आवरतच नाहीत ती झिपरी. इथवर सांगितलं आणि थांबले. पुढचं कसं सांगणार? आई म्हणायची, "झिपऱ्या बांध त्या आधी, माणसांत आल्यासारखी दिस जरा," तेव्हा तो शब्द चापटीसारखा लागायचा. आणि करवतीच्या आवाजाच्या वरताण बाबा ओरडायचे, "झिपरे, गुण्या दे!" तेव्हा त्याच शब्दावर तू, केसांत रंध्याच्या सालपटांची जत्रा घेऊन, त्यांचं वाक्य संपायच्या आत तो काटकोनी गुण्या त्यांच्या हातात द्यायचीस. माझे केस सरळसोट. मला कुणी रागावून काही म्हणायचं नाही, आणि लाडानेही नाही. मी आपली धाकटी.

बाईंनी विचारलं, "घरात कुणाला म्हणायचे का असं?" आणि मी म्हटलं, "छे, कुणालाच नाही. आला असेल तोंडात असाच." मावशी तेव्हा कपाटावरचा तुझा फोटो पुसत होत्या. चौकटीत मावत नाहीत असे तुझे केस. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फडकं झटकून आत गेल्या. ताई, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, तरी मी खरं सांगितलं नाही.

त्यानंतर बाबा दिवसभर हाका मारायला लागले. झिपरे, झिपरे. बाई जाता जाता म्हणाल्या होत्या, हाकेला कुणी ओ दिली की पुढचे शब्द मोकळे होतात. मग मी काय केलं असेल? न्हाणीघराच्या आरशासमोर अंबाडा सोडला, टॉवेलने केस खसाखसा चोळले, उलटा कंगवा फिरवून पिंजारले आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पाठीमागे उजेड होता. "झिपरे," म्हणाले. मी म्हटलं, "ओ." अगं, अर्धा चेहरा लुळा असलेला माणूस उरलेल्या अर्ध्याने पोटभर हसला. त्यांनी डावा हात वर केला. मी वाकले. बोटं केसांत गेली, तुझ्या डोक्यातली सालपटं वेचायचे तशी, आणि अडकलीच नाहीत. घसरून बाहेर आली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. मग माझा चेहरा न्याहाळत राहिले. मला वर बघवेना. त्यांनी माझी एक बट, जमेल तशी, कानामागे सारली आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "धाकटे."

दुसरा शब्द माझा आला. ज्यासाठी मी इतके दिवस त्यांच्या उशाशी बसत होते तो मला असा, चोरी पकडली गेल्यावर मिळाला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत माझी कीव होती.

तुला कळवलं नाही ते तुझ्या काळजीपोटी नव्हे. कारखाना बाबांनी आमच्या ह्यांच्या हाती दिला तेव्हा तू अवाक्षर न काढता आपली हत्यारं बांधून निघालीस, आणि तिकडे स्वतःचा कारखाना उभा केलास. मला वाटलं, तुला आता बाबांची काय गरज? त्यांचं हगणं-मुतणं मी काढतेय, तर पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारावी, एवढंच हवं होतं. तू आली असतीस तर ते तुझ्याकडे बघून हसले असते, आणि ते मला बघायचं नव्हतं. आता तर ते हाकच मारत नाहीत. त्या दिवसापासून एक शब्द नाही. बाई चित्रं दाखवतात आणि बाबा दाराकडे बघत बसतात. मला भीती वाटते गं. मी तो शब्द बुजवून टाकला. फोन करू नकोस, सरळ निघ. हे स्टेशनवर येतील. घरी आलीस की माझ्याशी बोलायला थांबू नकोस, तशीच, प्रवासाच्या अवतारात, त्यांच्या खोलीत जा आणि दार लोटून घे. मी बाहेर बसेन. भांडायचं ते मग भांड, मी उलटून बोलणार नाही.

तुझीच,
धाकटी