रेसर सायकलचा मागचा एक्सल

३ नोव्हेंबर.
शाळेतून रिटायर झाले तरी शिस्त सुटलेली नाही, म्हणून ही रोजनिशी. नवऱ्याची, म्हणजे भगवंतरावांची, रेसर सायकल आमच्या लग्नाआधीची. अस्सल स्टील. रोज पहाटे तिच्यावर फिरून येतात आणि येताना गुणगुणत असतात. माझ्यासोबत कुठूनही येताना गुणगुणलेले आठवत नाहीत. आज कॅरिअर बसवून घेतलं. रेसरला कॅरिअर नसतं, म्हणाले. रेसरला बायको नसते, तुम्हाला आहे, असं मी म्हटलं.

४ नोव्हेंबर, सकाळ.
डबलसीट निघालो. मी ताठ बसले, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बसवायच्या तशी. अकोला नाक्यापाशी कट्‌कन आवाज. मागचा एक्सल तुटला. सायकल त्यांनी ढकलत आणली. मी ऑटोने आले. दोघांनी चालून काय साधणार होतं?

६ नोव्हेंबर.
हेमसिंग मेकॅनिकने नवा एक्सल टाकला. म्हणाला, मॅडम, हे गाडी रेसची हाय, मालाची नाई. भाजीच्या पिशवीबद्दल बोलत असावा. पिशवी बंद केली.

९ नोव्हेंबर.
एक्सल वाकला. चाक फ्रेमला घासतं. कारण खड्डा. त्यांना दिसला नाही म्हणे. मला मागून दिसला होता. सांगितला नाही. माणसाने आपलं आपण बघावं.
भांडी घासता घासता प्रयागबाई म्हणाली, बाई, तुमी मांगं कायले बसता, त्या माणसाले जरासं मोकळं फिरू द्या ना. तुझा नवरा सुरतेला मोकळाच फिरतोय ना, असं मी विचारलं. मग भांडी फार आपटली तिने. मॅनर्स नाहीत.

१४ नोव्हेंबर.
निश्चय: रात्रीचं जेवण बंद. वजनाचा प्रश्न नाही, पण लोकांची तोंडं बंद होतील.
संध्याकाळ. थोडं श्रीखंड. ते जेवणात धरत नाहीत.
भगवंतराव हल्ली गुणगुणत नाहीत, धापा टाकतात. व्यायाम अंगी लागतोय.

२० नोव्हेंबर.
तिसरा एक्सल गेला. दोघंही पडलो. मी त्यांच्यावर पडले म्हणून मला खरचटलंसुद्धा नाही. त्यांचा गुडघा सुजला. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरला सांगितलं, मी एकटाच होतो. किती खोटं बोलावं माणसाने? मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

२८ नोव्हेंबर, सकाळ.
गुडघा बरा. त्यांनी हेमसिंगकडून सायकल आणली. पाहते तर कॅरिअर काढलेलं. रिकामी चालवून बघतो, म्हणाले, मंगरूळपीरच्या रस्त्याला. ट्रायल घेणं रास्तच. मी परवानगी दिली. स्वेटर आणि गोळ्यांचा डबाही घेतला त्यांनी. हळूहळू सुधारतायत.
संध्याकाळ. ट्रायल लांबली.

२९ नोव्हेंबर.
मानोऱ्याहून पुतण्याचा, पवनचा, फोन. काका आमच्याकडं पोचले, आता इथंच राह्यतो म्हणून राह्यले. मी विचारलं, एक्सल? तो म्हणाला, त्याले काय होते काकू, चाक एकदम सरळ फिरून राह्यलं. म्हणजे खोट वाशीमच्या रस्त्यांतच होती. मी म्हटलं, फोन दे त्यांना, उद्याच्या एसटीने मी येते. मागून भगवंतरावांचा आवाज आला, मी इथं नाही म्हणून सांग.
तिथे नाहीत, म्हणजे निघाले असणार. दोघांचा कुकर लावला.