चहाआधी घ्यायचं नाव

मी, त्सेरिंग मोरुप, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शेती, राहणार झुरपा घर, गाव लुंगमर, लडाख, आज रोजी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि छांगचा थेंबही न घेता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. गावचे वैद्य अमची लोबझांग यांनी सकाळी माझी नाडी पाहिली आणि म्हणाले, "मेमे-ले, तुमची नाडी तुमच्याइतकीच हट्टी आहे. मृत्युपत्राची घाई कसली?" घाई आहे. का, ते कलम पाचमध्ये येईल. तिथे पोचायला धीर गोळा करावा लागणार, म्हणून आधी सोपं लिहितो.

कलम १. माझं राहतं घर, छपरावर रचलेल्या सरपणासकट, माझी एकुलती एक मुलगी चुसकित हिला मिळावं. ती लेहला शाळेत शिकवते आणि इथे परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. घर विकू नकोस असं मी लिहीत नाही. फक्त विकताना घेणाऱ्याला सांगावं की चुलीजवळची पहिली जागा वयाने मोठ्या पाहुण्याची असते, मालकाची नव्हे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते तिचंच. जर्दाळूची तीन झाडंही तिचीच, पण वाटेवर वाकलेल्या झाडाची खाली पडलेली फळं जो उचलेल त्याची. गेली कित्येक वर्षं शाळेतल्या पोरी ती उचलतात आणि बिया माझ्या दारात आणून ठेवतात, फोडून आतला गर खायला. मी कधी सांगितलं नव्हतं. ज्या ठेकेदाराने आमच्या पाटाला सिमेंट फासलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ते तडकलं, त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये.

कलम ३. माझं फावडं गावाचं. एकतीस वर्षं मी या गावाचा चुरपोन होतो, म्हणजे कोणाच्या शेताला कधी आणि किती पाणी, हे ठरवणारा माणूस. वसंतात हिमनदीचं पहिलं पाणी पाटात सोडतात, तेव्हा चुरपोनने त्याच्या पुढे चालायचं असतं. हिवाळाभर कोरडा पडलेला पाट. मागून पाणी येतं ते वाळकी पानं, धूळ, मेलेले किडे ढकलत, आधी सळसळ आणि मग कुजबुज करत. आपण चार पावलं चालतो, ते चार पावलं येतं. डोंगरावरचा तो बर्फ माझ्या आजोबांच्या जन्माआधी पडलेला असेल, आणि आज तो माझ्या टाचेला शिवतो. एकतीस वेळा चाललो, आणि एकतीसही वेळा माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या चुरपोनला एवढंच सांगणं, की त्या दिवशी घाई करू नये आणि तोंड बंद ठेवावं. दुसरी गोष्ट मला जमली नाही.

कलम ४. तांब्याची चहादाणी चुसकितला. चहादाणीबरोबर तिच्या आईची रीतही तिनेच घ्यावी. माझी बायको यांगडोल संध्याकाळच्या पहिल्या पेल्यात अनामिका बुडवायची, थेंब हवेत उडवायची आणि त्या दिवशी भलं केलेल्या एकाचं नाव घ्यायची. कधी माणसाचं, कधी गाईचं, एकदा तर दाराच्या नव्या बिजागरीचं. नाव खरं हवं आणि मोठ्याने हवं, त्याशिवाय घोट घ्यायचा नाही. मी हसायचो. "बिजागरीला ऐकू जातं का गं?" ती म्हणायची, "तुम्हाला तर गेलं ना?" ती गेल्यावर मी ही रीत हट्टाने चालू ठेवली, आणि लिहायला लाज वाटते, पण सत्तरीनंतर मला दिसायला लागलं. रोज नाव सापडायचंच. एकही संध्याकाळ रिकामी गेली नाही. एवढ्या लोकांनी मला उचलून धरलं होतं आणि मी समजत होतो की मी माझ्या पायांवर उभा आहे.

कलम ५. आता ते लिहितो.

एकोणतीस वर्षांपूर्वी, जवाच्या पहिल्या पाण्याच्या दिवशी, पाळी खालच्या शेतांची होती. मी जाऊन पाहतो तर शेजारी इशे स्तोबदन याच्या शेताच्या तोंडाशी लावलेला दगड बाजूला, त्याचं शेत भिजलेलं आणि खालची शेतं कोरडी. सगळ्या गावापुढे मी ओरडलो, "चोरलेल्या पाण्यावर पोसतोस का रे पोरांना?" तो थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "आचो, मी दगड हलवला नाही. शपथ घेतो." मी म्हणालो, "चोराची शपथ पाण्याबरोबर वाहून जाते." गाव हसलं. मला माझं वाक्य फार आवडलं होतं.

दुपारी दगड परत बसवताना चिखलात मला लाल लोकरीचा गोंडा सापडला. माझ्या नांगराच्या झोच्या, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातल्या बैलाच्या, गळ्यात यांगडोलने तसे दोन बांधले होते. म्हणजे झो माझा, दोर माझा, ढिली गाठही माझीच. पाणी प्यायला आला आणि खुराने दगड ढकलून गेला. मी गोंडा खिशात घातला आणि मूग गिळून गप्प बसलो. यांगडोलने विचारलं, "गोंडे कुठे गेले?" मी म्हणालो, "काट्यात अडकले असतील."

आमच्या पाच घरांचा कुलदेव एक, म्हणून आम्ही एकमेकांचे फासपुन. जन्माला, लग्नाला तेच धावून येतात, आणि मेल्यावर देहाला हात लावायचा तो फासपुननेच, घरच्यांनी नाही. त्या वर्षी देवाच्या जेवणाला स्तोबदनच्या घराला बोलावलं नाही. त्यानंतर तो आपणहून फासपुनमधून उठला. मी त्याला थांबवलं नाही.

यंदा बर्फ फार पडला आणि माझ्या गुडघ्यांनी संप केला. अकरा दिवसांपूर्वी सकाळी डोक्यावर खरवडल्याचा आवाज आला. मातीचं छप्पर, बर्फाच्या ओझ्याने केव्हाही बसलं असतं. खिडकीतून पाहिलं, तर पंचाहत्तर वर्षांचा स्तोबदन माझ्या छपरावरचा बर्फ काढत होता. काम झाल्यावर शिडी उतरला आणि दाराकडे न बघता निघून गेला. संध्याकाळी मी पेल्यात बोट बुडवलं. त्या दिवशीचं खरं नाव एकच होतं. ते तोंडातून निघेना, कारण त्याच्या मागोमाग दुसरं सगळं बाहेर आलं असतं. चहा गार झाला. तेव्हापासून मी चहा प्यायलेलो नाही.

तरी लिहून ठेवतो की, इशे स्तोबदन याने पाणी चोरलं नव्हतं. चूक माझी आणि मौनही माझं. तो गोंडा माझ्या मृत्यूनंतर त्याला द्यावा.

कलम ६. पाटालगतचं माझं शेत स्तोबदनला मिळावं. माझा देह उचलायला आता तीन घरांतले तीनच पुरुष उरले आहेत. तिरडीचा एक कोपरा रिकामा राहील. तो तसाच राहू द्यावा, भाड्याचा माणूस आणू नये.

पुरवणी. मेल्यावर माफी मागणं म्हणजे पळ काढणं, हे कलम सहा लिहिताना लक्षात आलं. म्हणून अमचींच्या हाती निरोप धाडून स्तोबदनलाच साक्षीला बोलावलं. एकोणतीस वर्षांनी तो या उंबरठ्याच्या आत आला. अमची म्हणाले, "साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही." मी म्हणालो, "माझी आहे." कलम पाच अर्धं वाचून मी कागद अमचींच्या हाती दिला, पुढचं त्यांनी वाचलं.

स्तोबदनने अंगरख्याच्या आतून एक चामड्याची पिशवी काढली आणि मी पुढ्यात काढून ठेवलेल्या गोंड्याशेजारी तसाच लाल गोंडा ठेवला.

"दुसरा," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तू यायच्या आधीच सापडला होता."

"मग गावापुढे दाखवला का नाहीस, मूर्खा?"

"दाखवला असता तर गावाने तुझं चुरपोनचं फावडं काढून घेतलं असतं. पाणी किती कमी होतं त्या साली! तेवढ्यात सगळ्यांचं भागवणारा तुझ्याशिवाय होता कोण? माझी पोरंही तेच जव खाणार होती." मग म्हणाला, "पुढच्या वर्षी दाखवणार होतो. मग वाटलं, तू स्वतःच येशील. दरवर्षी वाटायचं."

मला रडू आलं. अमची उठून चहा करायला गेले.

"शेत नको मला," स्तोबदन म्हणाला. "या वयात आणखी पाणी द्यायला लावतोस?"

"मग काय हवं?"

"हे गावापुढे वाच. मेल्यावर नाही. पाट उघडायच्या दिवशी, त्याच दगडापाशी. मी पुढे बसणार. आणि तो चौथा कोपरा माझा. रिकामा कशाला ठेवतोस?"

चहा आला. मी बोट बुडवलं, थेंब उडवला आणि त्याचं नाव घेतलं.

"मोठ्याने घे," तो म्हणाला. "माझे कान गेलेत."

मी मोठ्याने घेतलं.

सबब कलम सहा रद्द. शेत चुसकितला. बाकी मजकूर कायम. दोन्ही गोंडे स्तोबदन घेऊन गेला आहे.

ठिकाण: लुंगमर. दिनांक: ९ मार्च २०१९.

लिहून देणार: त्सेरिंग मोरुप (सही)

साक्षीदार:
१. अमची लोबझांग, राहणार लुंगमर (सही)
२. इशे स्तोबदन, राहणार गोंगमा घर, लुंगमर. झुरपा घराचा फासपुन. (सही)