आत्याचा धवला आणि मॅक

उरण, गुरुवार, संध्याकाळ

पुतणीच्या लग्नात आत्या धवला गायली, पण व्हिडिओत तिच्या आवाजावर डीजे बसलाय. शूटिंगवाला रमेश म्हणतो, "दादूस, मॅक घे, त्यातलं सॉफ्टवेअर डीजे पुसतं." कॉम्प्युटरवाला दुकानदार म्हणतो, विंडोजवरही पुसता येतो. मग मॅक कशाला? या वयात बोटांना नवी बटणं शिकवायची? आणि डीजे पुसताना आत्याच पुसली गेली तर? लग्नाची ही गाणी येणारी घरात ती एकटीच उरलीय.

शेवटी तिलाच म्हटलं, घरी पुन्हा गा.

"लगनाबिगर कोन धवला गातं रं? आधी तुजं लगीन ठरव, मंग गाईन."

ज्याला महिनाभर एक कॉम्प्युटर ठरवता येईना, त्याला ही बाई नवरी ठरवायला सांगतेय!