गोधडीतले राजदूत

मनरोव्हिया, मार्च १८७४

प्रिय लव्हीनियामावशी,

फार फार नमस्कार. तुझी गुडघेदुखी आणि चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांशी तुझं भांडण, दोन्हींना उतार पडला का?

थिओदादा अमेरिकेचा राजदूत म्हणून इकडे निघाला तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांनी काय छापलं, ते तूच मला वाचून दाखवलंस. काळा माणूस राजदूत झालाय, बघू काय दिवे लावतो, हाच सूर. त्यामुळे दादाने जहाजावर सबंध प्रवासभर भाषण घोटलं, तेही निम्मं ग्रीकमध्ये. (इतरांना बोट लागली. मला दादाचं ग्रीक लागलं.)

इथे बंदराला धक्का नाही. जहाजातून होडीत उतरायचं आणि लाटांवरून किनारा गाठायचा. किनाऱ्यावर झेंडे, बँड, सगळं गाव लोटलेलं. आम्हाला न्यायला आलेले बंदराचे अधिकारी टोलिव्हर दादाला म्हणाले, "साहेब, खाली बसा." दादा म्हणाला, "राजदूत उभ्यानेच उतरतो." मावशी, तो आडवा उतरला. टोलिव्हरांनी कॉलरला धरून बाहेर काढला, पण कोट फाटला, भाषण वाहून गेलं, आणि विजारीबद्दल मी लिहीत नाही. कोरडी उरली ती मेणकापडात बांधलेली आईची गोधडी. तीच मी त्याच्याभोवती गुंडाळली. बँड थांबला. कुणीतरी फिस्सकन हसलं. आता ही बातमी तिकडे पोचली की झालंच!

मग दादा बोलायला लागला, अगदी घरात बोलतो तसा. "हा तुकडा माझ्या आजोबांच्या सदऱ्याचा. त्यांना विकून नेलं तेव्हा एवढाच आईच्या मुठीत राहिला. हा माझ्या शाळेच्या पहिल्या डगल्याचा..." असा तो गोधडीभर फिरला. (एका भोकावरून मात्र झटकन पुढे सरकला. ते त्याच्याच पाइपने पडलंय.) इथल्या कितीतरी जणांचे आईबाप आपल्यासारखेच अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून इथे येऊन वसलेले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, कीझायाआजी, उठली, गोधडी उलटसुलट करून टाके पाहिले आणि बँडवाल्यांवर खेकसली, "अरे, वाजवा की मेल्यांनो! आपल्याच घरचं पोर आहे!" मग काय वाजवलं म्हणतेस! दादा रडला, मी रडले, टोलिव्हरांनी मोठ्याने नाक शिंकरलं.

त्या रविवारी दोन प्रतिष्ठित गृहस्थ गोधड्या पांघरून चर्चमध्ये हजर, अमेरिकेतली ही नवी चाल समजून. या उकाड्यात! दादाने खुलासा केला नाही, उलट वाकून अभिवादन केलं. मुत्सद्देगिरी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तुझीच,
हेप्झिबा

ता. क. उन्हाळ्यात परत येईन म्हणाले होते, ते आता येत नाही. टोलिव्हरांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

आणखी ता. क. दादाला यातलं काही माहीत नाही. टोलिव्हर रोज संध्याकाळी आपल्याकडे ग्रीक शिकायला येतात, असं तो समजतो. तूच त्याला लिही. तो घाबरतो ते तुला एकटीला. आणि लवकर लिही गं. काल टोलिव्हर माझ्याशी खरोखरच ग्रीकमध्ये बोलले. घरात एक विद्वान पुरे.