सुनीचे अठ्ठेचाळीस सेकंद

३ ऑगस्ट, रवि.
कोल्हापूरहून पेनड्राइव्ह आला एकदाचा. केबल चालवायचो तेव्हाच्या सगळ्या कॅसेटी एवढ्याशा काडीत. दर शुक्रवारचा पॉप गाण्यांचा कार्यक्रम टेप करायचो, रविवारी सकाळी सगळ्या निपाणीला परत दाखवायचो. काय दिवस होते!
दु. बाबू मास्तर आला, नेहमीसारखा, जुनं बघायला. तिसऱ्याच गाण्याला झिपऱ्या, तो लांब केसांचा गायक. केसांमुळं आम्ही त्याला पहिल्यापासून झिपऱ्याच म्हणतो. बाबू म्हणाला, बंद कर त्याला. तीन बायांनी तक्रार केलीया त्याच्यावर, आठवडाभर बातम्यांत तेच. मी म्हटलं, तीस वर्षं गप्प बसल्या आन् आत्ता जाग आली व्हय? बाबू : "का गप्प बसल्या, तुला काय ठाऊक?" मी : गाण्यानं तुझं काय घोडं मारलंय? आवाज चढले. मंगल आतनं आली, कप उचलून घेऊन गेली. बाबूचा अर्धा भरलेला होता.

६ ऑगस्ट, बुध.
घावला! सुनीचा एपिसोड. आमची धाकटी, तेव्हा एकोणीस वर्षांची. बेळगावच्या नाचाच्या ग्रुपमधनं मुंबईला गेलती, झिपऱ्याच्या मागं नाचायला. सोबत मी. डावीकडनं दुसरी, पिवळी ओढणी. अठ्ठेचाळीस सेकंद दिसती. कोपऱ्यात तारीख, मीच टाकायचो टेप करताना.
किती वर्षं दर गणपतीत मंडपात टीव्ही ठेवून हे लावलं. "आमच्या गल्लीची पोरगी!" मग व्हीसीआर बंद पडला, राहिलं. यंदा मंडळवाले मोठ्या पडद्यावर लावूया म्हणत्यात. लावू की, म्हटलं. बातम्यांचं काढलं एकानं, मी म्हटलं, आम्ही त्याला न्हाय, सुनीला बघतोय.

९ ऑगस्ट, शनि. राखीपौर्णिमा
सुनी सकाळच्या गाडीनं आली खानापुरातनं, तिथं सरकारी कचेरीत असती. राखी बांधली, पेढा भरवला. मी म्हटलं, थांब, तुला गंमत दाखवतो. लावलं.
तिनं झिपऱ्याला बघितलं. स्वतःला बघितलंच न्हाय. उठली, मागं गेली, घासलेली भांडी परत घासायला लागली. मंगल म्हणाली, वन्सं, अहो झालीत ती. तरी घासतेय. जेवायला बसली न्हाय, डोकं दुखतंय म्हणाली. स्टँडवर सोडायला गेलतो. गाडीत चढताना एवढंच, "गणपतीत लावणार हायस?" मी व्हय म्हटलं. दात काढून म्हटलं.

१० ऑगस्ट, रवि.
बाबूला सांगितलं, सु. अशी का वागली कळंना. बाबूनं सगळं ऐकून घेतलं. मग : "तू होतास ना बरोबर? पूर्ण वेळ?"
मी म्हटलं, म्हणजे काय!
तो गेला. मी टीव्ही लावलाच न्हाय.

११ ऑगस्ट, सोम.
पूर्ण वेळ नव्हतो.
शूटिंग संपल्यावर त्यांचा एक माणूस आला. म्हणाला, तुम्ही केबलवाले ना, चला मशिनं दाखवतो. मला तेवढंच पुरं. आमच्याकडं दोन व्हीसीआर, तिथं भिंतभर यंत्रं! सुनीला म्हणाले, वर चल, फोटो काढायचेत सरांबरोबर. सर म्हणजे झिपऱ्या. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, जा गं, लाजती काय.
दोन तास. परत आलो तर जिन्याच्या पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. फोटो कुठाय म्हटलं. न्हाय काढला म्हणाली.
एसटीत साताऱ्यापर्यंत मी यंत्रांचंच सांगत होतो. ती खिडकीकडं. दमली असंल, म्हटलं.
महिन्यात नाच सोडला. लोकांना मीच सांगायचो, आता लग्नाचं बघायचंय. गणपतीला निपाणीत यायची न्हाय, रजा न्हाय म्हणायची. कचेरीत काय तू एकटीच हायस काय, म्हणून झापायचो. आन् इकडं मंडपात तेच लावायचो. दर वर्षी. अख्ख्या गल्लीपुढं.
लाज वाटती. दुसरा शब्द न्हाय.

१३ ऑगस्ट, बुध.
मंडळाला न्हाय म्हणून सांगितलं. पोरं चिडली. "का पण अण्णा?" पेनड्राइव्ह बिघडला म्हटलं. एक जण म्हणाला, कोल्हापुरातनं दुरुस्त करून आणतो, द्या. ओरडलो त्याच्यावर. घरात येऊन बसलो. मंगल विचारतेय काय झालं. बी.पी., म्हटलं.

१४ ऑगस्ट, गुरु.
तिच्या कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत सु.ला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, "सुने, पुसून टाकतो मी ते. कॅसेट पण जाळतो."
ती एकदम, "पुसू नको!"
मग हळू, "त्यात तारीख दिसती न्हवं?"
"व्हय, कोपऱ्यात. कॅसेटीवर पण हाय, माझ्या अक्षरात."
"मग जप. त्या तिघींतल्या एकीचा नंबर मिळालाय मला. अजून ठरवलं न्हाय."
मी म्हटलं, सुने, मला ठाऊक नव्हतं गं. तिच्या मागं कुणीतरी कन्नडात तिला फाईल मागत होतं, तिनं कन्नडातच थांबा म्हटलं. मग,
"अण्णा, उद्या कुणी विचारलं तर तू सांगशील? ते दोन तास कुठं होतास?"
सांगीन म्हटलं.
"बघ हं," म्हणाली आन् फोन ठेवला.
कॅसेट आन् पेनड्राइव्ह कपाटात, कुलूप लावून. किल्ली खिशात. मंगलनं किल्ली बघितली, कसली म्हणून विचारलं. काय न्हाय, म्हटलं.