वाण परत करत नसतात

आष्टी, ता. परतूर
१८ डिसेंबर २०२४

चि. आदिनाथ यास,

आणि वरून कंडक्टर मला म्हणतो, बाई, रद्दीचा धंदा सुरू केला का. पाच गठ्ठे स्टँडवर धुळीत टाकून गेला मेला. फोन करून तुला शिव्या देणार होते, पण फोनवर तू मधीच ताई-ताई करून गप करतोस. कागदाला मधी बोलता येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. आशीर्वाद अर्धेच पाठवते. उरलेले उत्तर बराबर आलं तर.

तू म्हणला होतास, ताई, पुस्तक दुकानात गेलं. गेलं म्हणजे गेलं, असं म्या धरलं. लग्नात दिलेलं भांडं माघारी येतं व्हय? चौथी शिकलेली बाई म्या. लोकांच्या पोरांच्या उरलेल्या वह्यांत लिहिलं, तुझ्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात तू छापलं, गावभर पेढे वाटले. आणि आता गठ्ठ्यात तुझी चिठ्ठी: न विकलेल्या प्रती, काही वाहतुकीत खराब, दोरी घासली असंल.

अंबडचा गठ्ठा फोडला. वरच्या पुस्तकावर आपली शिवकन्या, तिच्या लग्नातला फोटो, मुंडावळ्या बांधलेली. गळा चिरलेला. कव्हर चिरून खालच्या पानांत पातं गेलेलं. दुसरं काढलं, गळा. तिसरं, गळा. सगळा गठ्ठा अंगणात मांडला अन् माझ्या बहिणीचे तेवढे गळे बघत बसले. आदिनाथ, दोरीला गळा कुठं असतो ते कळतं व्हय? एकदा जाळून पोट भरलं न्हाई, आता कागदावरची बी कापली.

पुस्तक अंबडलाच पायजे होतं, तुला ठावं हाय. शहरातल्या साहेबांनी वाचावं म्हणून म्या लिहिलं न्हाई. शिवकन्याची पोरगी शालू बापाच्या घरात वाढली. सर्जेरावानं तिला सांगितलंय, आई स्टोव्हचा भडका उडून गेली. मावशीला त्या घराचा उंबरठा कधी चढू दिला न्हाई. शालूचा कॉम्प्युटरचा क्लास त्या दुकानाच्या समोरच. कधी तरी आईचं तोंड दिसंल, उचलून बघंल, एवढ्यासाठी म्या बोटं झिजवली.

कोणी कापलं ते मला माहीत हाय. तुला बी. तुझ्या हातानं लिहून पाठव. रेणूला सातवा लागला असंल, तिला जड उचलू देऊ नको.

तुझी ताई,
चतुरा

---

जालना
२४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. सध्या अर्ध्या आशीर्वादावर भागवतो आहे. अक्षर वाकडं दिसेल, छापखान्याचं दार हातावर आपटलं. काळजीचं काही नाही.

गठ्ठे न सांगता पाठवले ही चूक झाली. पण ताई, तुला या धंद्याची रीत मी आधी समजावली नाही, ही त्याहून मोठी. दुकानदार आपलं पुस्तक विकत घेत नाही, नुसतं ठेवून घेतो. वितरक त्याच्याकडे टाकतो, गेलं तर गेलं, नाहीतर काही महिन्यांनी सगळं उलट पावली माझ्या दारात. जायचं भाडं माझं, यायचंही माझंच. मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं काउंटरवर तोंड वर करून बसतात. आपलं गाइडांच्या मागे, पाठ दाखवून उभं. नवा माल आला की जागा करायला पहिला आपलाच नंबर. आणि एकदा परत आलं की त्याच्यावर चिकट्या, चहाचे डाग, कोपरे दुमडलेले. दुसरा दुकानदार त्याला हात लावत नाही. भोकरदनच्या माझ्या एका कवीने परत आलेल्या गठ्ठ्यांचा पलंग केला आहे. वर गादी टाकून झोपतो. म्हणतो, निदान कोणी तरी माझ्या कवितांवर झोपतं.

तू हसणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिलं.

फाटलेल्या प्रतींचं मनाला लावून घेऊ नकोस. गठ्ठ्याची दोरी कापताना दुकानातल्या माणसाचं पातं खोल गेलं असेल. अंबडला एकही प्रत विकली गेली नाही, असं वितरकाने कळवलं आहे. मेलेलं पुस्तक जिवंत करता येत नाही, ताई. घरात ठेव, लग्नाकार्यात पाहुण्यांना दे. आणि एक हात जोडून सांगतो, तू अंबडला जाऊ नकोस.

रेणू बरी आहे. तुझी आठवण काढते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आदिनाथ

---

आष्टी
३० डिसेंबर २०२४

चि. आदिनाथ यास,

तू जाऊ नको लिहिलं म्हणून गेले. लहानपणापास्नं तुला खोटं बोलता येत न्हाई. खोटं बोलतोस तवा आधी विनोद सांगतोस.

दुकानवाला रखमाजी आधी बोलंना. म्या त्याच्या पायरीवर बसले, पुस्तकं मांडीत घेऊन, गळे वर करून. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, निघून जायचं. मंग त्यानं मला आत बोलावलं अन् पाणी दिलं.

एकही विकलं न्हाई म्हणतोस? पहिल्याच आठवड्यात बायका इचारत आल्त्या. एक सासू आल्ती, तिनं सुनेसाठी नेलं. मंग सर्जेराव आला. किती उरलीत म्हणून इचारलं. दोरी कापायचं पातं मागून घेतलं, स्टुलावर बसला, चहा सांगितला, अन् एकेक पुस्तक मांडीवर घेऊन चिरत गेला. भेंडी चिरावी तसं. मधी रखमाजीला त्याच्या पोराच्या नोकरीचं बी इचारलं. चहा संपला, पातं पुसून ठेवलं, म्हणला, हा खराब माल हाय, परत पाठव. तुमच्या धंद्यात खराब माल परत जातो ना, तसा तो बराबर रीतीनं परत आला. खून झाला अन् पावती बी झाली.

पण हे अंबडचं झालं. भोकरदनच्या गठ्ठ्याची गाठ सुद्धा सुटलेली न्हाई. परतूरचा बी तसाच. दुकानात लागलंच न्हाई तर न विकलेलं कसं झालं? रखमाजीच्या फोनवरून वितरकाच्या माणसाला लावला. तो म्हणला, बाई, छपाईवाल्या मालकाचाच फोन आल्ता, जिल्हाभरातून उचला म्हणून. वर म्हणला, असं अर्ध्यातून उचलायला लावणाऱ्याचं पुस्तक आता आम्ही पुन्हा घेत न्हाई, ना हे ना दुसरं. त्या पलंगवाल्या कवीचं बी गेलं म्हणायचं.

मंग रेणूला फोन केला. ती बोलली न्हाई, रडली. दार आपटल्यावर नवऱ्यासाठी कोणी असं रडत न्हाई.

आदिनाथ, मला रागानं डोळा लागून न्हाई राह्यला. परवा ऊस तोडायला गेले तर बांधावरच्या बायका म्हणल्या, चतुरे, सावकाश, ऊस हाय तो. मला त्याच्यात सर्जेरावाच्या माना दिसू लागल्यात. खरं काय ते लिही, न्हाईतर विळा घेऊन म्या सरळ त्याच्या दारात उभी राह्यते. मंग पोलीस लिहितील, बाईच्या डोक्यावर परिणाम झाल्ता.

चतुरा

---

जालना
५ जानेवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार एकाच हाताने, दुसरा प्लास्टरमध्ये आहे.

सर्जेराव दोन माणसं घेऊन छापखान्यात आला. पत्रिकांच्या कडा कापायचं मशीन तू पाहिलं आहेस. कागद हलू नये म्हणून वरचा दाबपट्टा चाक फिरवून खाली आणतात, मग पातं येतं. दोघांनी मनगट धरलं, चाक त्याने स्वतः फिरवलं. घाई केली नाही. पातं खाली आणलंच नाही, नुसतं दाखवत राहिला. दोन बोटं दाबानेच मोडली. रेणू डबा घेऊन आली तेव्हा मी ओरडत होतो. तिने ते पाहिलं. त्याने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, सांभाळ.

पुस्तकात लिहिलेल्या शिव्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्याने मला तुझं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. तेच, 'माझा धाकटा भाऊ शाळेला म्हणून त्याच घरात राह्यला होता, त्या दिवशी त्यानं काय पाहिलं ते तो सांगील.' दाबपट्ट्याखाली हात असताना वाचलं. मग तो म्हणाला, 'भावानं काहीच पाहिलं नाही. म्हण.' मी म्हटलं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा म्हटलं. मग वितरकाला फोन लावून दिला.

पोलिसांत गेलो नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो.

ताई, ते वाक्य तू लिहिलंस आणि मी छापलं, माझं धाडस तेवढंच होतं. पुस्तक छापलं की माझ्या वाटणीचं बोलून झालं, असं मला वाटलं होतं. ते लोकांच्या हातात जाईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. बाळंतपण होईपर्यंत मला काही विचारू नकोस. रागाव, पण विळा घेऊन कुठे जाऊ नकोस. तुला काही झालं तर मला माहेर उरणार नाही. पुरुषालाही माहेर लागतं.

तुझाच,
आदिनाथ

---

आष्टी
२९ जानेवारी २०२५

चि. आदिनाथ यास,

विळा घेऊन गेले न्हाई. दाभण घेऊन बसले.

वाकळ शिवायचा लाल दोरा घेतला अन् शिवकन्याचा एकेक गळा शिवला. कव्हर, खाली पानं, पुन्हा वर. बोटांतून रगत आलं तरी थांबले न्हाई. टाका लपवला बी न्हाई. तुमच्या धंद्यात म्हणे चिरलेलं पुस्तक कोणी हातात धरत न्हाई. मंग म्या इचार केला, बाईच्या हातात नको असलेली वस्तू कवा जाते अन् माघारी येत न्हाई? संक्रांतीला.

आपल्या गावची गयाबाई सर्जेरावाच्या गल्लीत दिलीय. तिच्या हळदी-कुंकवाला वाण माझं, असं ठरवलं. बायका आधी फिदीफिदी हसल्या. एक म्हणली, पुस्तक काय देता बाई, डबा तरी द्यायचा, पिठाला झाला असता. म्या म्हणलं, ह्याच्यातलं बी पीठच हाय, जात्यात बाई घातली होती. मंग कोणी हसलं न्हाई. एकीनं टाक्यावरून बोट फिरवलं अन् बराच वेळ फिरवत राह्यली.

तेवढ्यात सर्जेरावाची दुसरी बायको आली. मला वळखलं तिनं. तरी कपाळ पुढं करून कुंकू लावून घेतलं. पदर पसरला अन् तिनं वाण घेतलं.

दुसऱ्या सकाळी तो गल्लीत दारोदार फिरला, पुस्तकं परत द्या म्हणून. दुकानदाराला दम देता येतो, त्याची रीतच परत करायची. पण पदरात घेतलेलं वाण परत करत नसतात, बायकोच्या कुंकवाला अपशकुन हाय, हे बायकांनी सांगायच्या आधी त्यांच्या नवऱ्यांनीच सांगितलं. एका बी घरातून आलं न्हाई.

मंग तो गयाबाईच्या अंगणात आला. म्या मुक्कामाला होते. केस धरून वढलं, तुळशीच्या कट्ट्यावर तोंड आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. माझा पुढचा दात पडला, तो रगतासकट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर थुंकला. तिसऱ्यांदा आपटायला मान मागं घेतली तवा पाट्यावरचा वरवंटा माझ्या हाताला लागला. मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला, अन् आदिनाथ, देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. अजून एक हाणला. डोक्यावर उचलला होता. गयाबाईनं हात धरला म्हणून तो जिता हाय.

गल्ली बघत होती. शालू बी. पांढरीफटक, दारात. तिनं माझा दात मातीतून उचलला अन् हातात घेऊन उभी राह्यली. पोलिसांनी दोघांच्या बी तक्रारी लिहून घेतल्या. लिहू दे. ह्या वेळी निदान स्टोव्ह तरी न्हाई लिहिला.

आता मुद्द्याचं. परवा शालू माझ्या दारात उतरली, एकटी, एक पिशवी घेऊन. सवतीच्या पोरीच्या उशाला ते पुस्तक त्याच्या दुसऱ्या बायकोनंच ठेवलं होतं. पोरगी अठरा पूर्ण झालीय, तिला कोणी वढून नेऊ शकत न्हाई. नेऊन दाखवा म्हणते. हनुवटी आपल्या शिवकन्याची, हट्ट माझा.

म्या तिला सगळं सांगायला बसले. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणली, 'मावशी, तू तिथं नव्हतीस.' खरं हाय. म्या नव्हते. तू होतास, अकरा वर्षांचा. तेराव्याच्या दिवशी माझ्या मांडीत तोंड खुपसून एकदाच सांगितलंस, अन् त्यानंतर तुझ्या तोंडून तो शब्द निघाला न्हाई. म्या तिला तो सांगू शकते. पण माझ्याकडून तो पुन्हा पुस्तकातला होईल. सर्जेरावानं तुला दोनदा म्हणायला लावलं, काहीच पाहिलं न्हाई. आता तिच्या तोंडावर तिसऱ्यांदा म्हण, न्हाईतर खरं म्हण.

बाळंतपणापर्यंत थांब म्हणतोस. बाळ झालं की म्हणशील बारसं होऊ दे. ते बी पोरगी झाली तर तिला काय सांगशील, बापाच्या वाटणीचं कोणी दुसरं बोललं? रेणूला संगं घेऊन ये, बाळंतपण इथंच करू. दाराशी म्या बसलेली हाय, वरवंटा बी आणलाय गयाबाईकडून मागून.

मंगळवारी रथसप्तमी. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत आष्टीच्या स्टँडवर उतर. पत्र पाठवू नको. आलं तर न फोडता परत करीन, तुमच्या रीतीनं. उरलेले अर्धे आशीर्वाद तिच्या समोर देते, न्हाईतर ठेवून घेते.

पोरगी एकच इचारते, दुसरं काही न्हाई. आईच्या खोलीची कडी आतून होती का बाहेरून?

तुझी ताई,
चतुरा