चार्टवरचे तुमचे आकडे

बाबा, तुम्ही मला एकदा जेवताना एक प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला उठला होतात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी नर्सची नोकरी करून निवृत्तही झाले, पण तो प्रश्न काही निवृत्त होत नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आधी आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नुकतीच एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागले होते. तुम्ही त्याच दवाखान्यात, पुरुषांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात अटेंडंट. सगळे तुम्हाला मामा म्हणायचे. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि तुम्ही माझ्या जुन्या पाटीवर इंग्रजी आकडे गिरवताय, कारण चार्ट इंग्रजीत. तुमचा चार काही केल्या उभा राहीना. शेवटी मी हात धरून तुम्हाला माझा चार शिकवला, वरून बंद केलेला. "पाह्य वं, पोरगी बापाची मास्तरीण झाली!" तुम्ही आईला म्हणालात. गावच्या शाळेत तुम्हाला दाराबाहेर बसवायचे आणि मास्तर तुमची पाटी लांबूनच बघायचे, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं. तुम्ही लिहिलेला आकडा पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला असायचा आणि ज्या दिवशी डॉक्टर तो हातात घेऊन वाचायचे, त्या दिवशी तुम्ही घरी दोन भाकरी जास्त खायचात.

चार्ट नर्सनंच लिहायचा, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं. जिनं बघितलं तिनं लिहायचं, जिनं लिहिलं तिनं सही करायची. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तिनंच राहायचं. पण वॉर्डात पलंगांच्या दोन रांगा, जमिनीवर गाद्या वेगळ्या आणि सिस्टर एकटी. त्या केरळच्या, मनानं चांगल्या. "मामा, पेशाब का आप ही लिख दो ना," म्हणायच्या आणि ड्यूटी संपताना खाली सही करायच्या. भांडं तुम्हीच उचलायचात, मापात तुम्हीच ओतायचात, मग आकडा तुम्ही लिहिला तर बिघडलं कुठे, असं मलाही वाटायचं.

एका दुपारी शिकाऊ म्हणून माझी नेमणूक तुमच्याच वॉर्डात होती. उमरेडचा एक विणकर, आदल्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन झालेला, पलंगावर तळमळत होता. डॉक्टरांनी चार्ट उचलला. लघवी चारशे, म्हणजे ठीक; टाके दुखत असतील, झोपेचं इंजेक्शन द्या, म्हणाले. मी त्याची चादर सारखी करत होते. माझा हात त्याच्या ओटीपोटावर पडला आणि मी दचकले. पोट भरल्या घागरीसारखं टणक, म्हणजे लघवी आतच तुंबलेली. मी चार्टकडे बघितलं. वरून बंद केलेला चार. पलंगाच्या पलीकडे तुम्ही माप घेऊन उभे.

"सर, हा आकडा धरू नका," मी म्हणाले.

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरचा चेहरा उतरला. "मैंने ही लिखा है, सर," त्या म्हणाल्या. त्या स्वतःला वाचवत होत्या आणि तुम्हालाही.

"नाही सर. हे अक्षर माझ्या वडिलांचं आहे."

तुम्ही माप खाली ठेवलंत. "मी लिवलं, साहेब. याची बाई म्हणे, 'झाली, मी फेकून आली.' मी पुढं इचारलं नाही. अंदाजानं लिवून टाकलं."

उशाशी बसलेल्या विणकराच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. लघवीसाठी नळी घालतील या भीतीनं नवऱ्यानंच तिला तसं सांगायला लावलं होतं. आणि तुम्ही परक्या बाईला असल्या गोष्टीत खोदून कसं विचारणार? रकाना रिकामा ठेवावा तर सिस्टरला बोलणी. म्हणून तुम्ही शेजारच्या पलंगाच्या आकड्यावरून अंदाजानं तिथे चारशे लिहिलेत. चांगुलपणानंच लिहिलात, आणि त्यापायी तो माणूस मरणाच्या दारात गेला होता. नळी घातली, माप भरलं, रिकामं करून पुन्हा भरलं. त्यानं पडल्या पडल्याच हात जोडले.

सिस्टरला लेखी ताकीद मिळाली. तुमची बदली लाँड्रीत झाली, जिथे पेन लागत नाही. मला त्याचा अजून राग येतो. गरज होती तेव्हा 'लिहा मामा', आणि अंगाशी आलं तेव्हा 'तुला कोणी लिहायला सांगितलं?' वॉर्डात दुसरी नर्स काहून नाही, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही.

रात्रीच्या जेवणाला आई माझ्यावर बरसली. "सख्ख्या बापाले चारचौघांत असं पाडते काय वं?"

"तिनं बरोबर केलं," तुम्ही म्हणालात. "माणूस वाचला." मग घास हातातच ठेवून माझ्याकडे बघितलंत. "पण पोरी, मी तं तिथंच उभा होतो. मले कानात काहून नाही सांगतलं? मीच सांगतलं असतं साहेबाले." आणि उठलात.

पुढे मी वॉर्डची इन्चार्ज झाले. माझ्या वॉर्डात अटेंडंटनं चार्टला पेन लावलं नाही. तो शेजारी उभा राहून सांगायचा, मी रुग्णाच्या पोटाला हात लावून बघायची आणि मग लिहायची. पोरी मला पाठीमागे खाष्ट म्हणायच्या. म्हणू देत. नियम बरोबरच होता, बाबा, हे मी आजही म्हणेन. तुमच्या तोंडावरसुद्धा.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नियमात नाही. ते मला त्याच रात्री ठाऊक होतं. कानात सांगायचं तर तुमच्याजवळ यावं लागलं असतं. तुमच्या खिशाला चार्ट लिहायचं पेन लावलेलं होतं, आणि डॉक्टर तुमचा आकडा मोठ्यानं वाचत होते तेव्हा तुमचा चेहरा कसा उजळला होता, ते मी बघितलं होतं. जवळ आले असते तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून मी लांबूनच बोलले.